मामींच्या खोलीपर्यंतची वायर

खरखरमामांचा फोन आला तेव्हा मी जेवून नुकतीच आडवी झाले होते.

"राणीसरकार, वायर घ्यायला जायचंय. जोडीला येता का?"

"कसली वायर?"

"स्पीकरची. दुकानातलं माणूस माझ्या उजव्या बाजूने बोललं तर हल्ली मला नीट ऐकू येत नाही. तुम्ही डावीकडे उभं राहायचं आणि तेच परत बोलायचं. तुमचं पाठांतर चांगलं आहे."

पाठांतर चांगलं असलेल्या बाईला या वयात कुणी कामाला बोलवत नाही. मी उठले. गुडघे जरा कुरकुरले, पण त्यांना विचारलं कुणी होतं.

मामांचं हे नाव आमच्या नाटक कंपनीत पडलं. ते आवाजाचं काम बघायचे. माईक, स्पीकर, पडद्यामागून वाजणाऱ्या घंटा, पाऊस, वादळ, सगळं त्यांच्याकडे. स्पीकरमध्ये कुठे बारीकशी खरखर आली की मामा हातातला घास ताटात टाकून उठायचे. एकदा एका खरखरीने त्यांना किती प्रयोग छळलं ते मला आठवतं. त्यांनी वायरी बदलल्या, माईक बदलले, दिसेल त्याच्यावर डाफरले. शेवटी कळलं, की नायकाचा नवा कडक इस्त्रीचा झगा माईकला घासतोय. मामा त्याला शांतपणे म्हणाले, "तुमचा आवाज उत्तम आहे हो. पण तुमचा झगा तुमच्यापेक्षा जास्त बोलतो." नायक बरेच दिवस रुसून होता. आता तो नायक नाही, झगा नाही आणि कंपनीही नाही. मी एका नाटकात पत्र्याचा मुकुट घालून राणी झाले होते. ते नाटक लवकरच पडलं, पण मामांनी मला सिंहासनावरून अजून उतरू दिलेलं नाही.

बसथांब्यावर ते माझ्या आधी येऊन बसले होते. पाठ भिंतीला, डोळे मिटलेले, मांडीवर रिकामी कापडी पिशवी. मी शेजारी टेकले.

"झोपलो नाहीये," ते डोळे न उघडता म्हणाले. "बॅटरी वाचवतोय."

बसमध्ये त्यांनी सगळं सांगितलं. थोडं मला माहीत होतं.

मामा-मामी लेकीकडे राहायला गेले होते. जुन्या घराचे जिने दोघांनाही झेपेनासे झाले होते, आणि मामींची दृष्टी साखरेच्या दुखण्याने हळूहळू करत पुरती गेली होती. जुन्या घरात त्यांचं काही अडत नव्हतं. तिथलं प्रत्येक कपाट, प्रत्येक उंबरा त्यांच्या हाताच्या ओळखीचा होता. डोळे असलेल्या माणसाने हेवा करावा इतक्या सहज त्या वावरायच्या. लेकीच्या घरी मात्र त्यांना खोलीचा काही अंदाजच येईना. गेल्या गेल्या दुसऱ्याच दिवशी न्हाणीघर समजून त्या खिडकीकडे चालत गेल्या आणि खुर्चीवर आदळून पडल्या. हाड मोडलं नाही, पण हिंमत मोडली. तेव्हापासून त्या पलंगावरून उतरायला तयार नव्हत्या. लेकीने हात धरला तर निघायच्या, तेही डोळे असलेल्या माणसाने अंधारात निघावं तशा, अंग चोरून. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायच्या.

"नर्स येते ना ती म्हणाली, आजोबा, यांना आपलं आपण चालायला लावा. अजून थोडे दिवस असंच गेलं तर पाय विसरतील. मग कुणी धरूनही उपयोग नाही."

"मग स्पीकरने काय होणार, मामा?"

"खोलीत दोन कोपऱ्यांत दोन स्पीकर. एक न्हाणीघराच्या दाराशी, एक खिडकीशी. कुठून काय येतं ते तिला ऐकू आलं की खोली तिची तिला सापडेल. तिचे डोळे गेलेत. कान माझ्यापेक्षा शाबूत आहेत."

"आणि आपलं नाटक लावायचं," ते म्हणाले. "ते बेटावरचं."

बेटावरचं नाटक म्हणजे आमच्या कंपनीचं सगळ्यात जास्त चाललेलं नाटक. समुद्राने वेढलेलं एक घर, त्यात एक भांडकुदळ कुटुंब आणि दुसऱ्या अंकात मोठं वादळ. त्याचा एक प्रयोग मामांच्या एका मित्राने प्रेक्षागृहात मधोमध दोन माईक लावून टेप केला होता. लेकीने ती टेप जपून तिची सीडी करून घेतली होती.

आता मामींचं त्या नाटकातलं काम सांगायला हवं. मामी आमच्या प्रॉम्प्टर होत्या. डाव्या विंगेत एका बुटक्या स्टुलावर त्या बसायच्या. इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढे तिच्यावरूनच सगळं रामायण झालं. नाटकवाल्यांची डावी-उजवी नटाच्या अंगाने ठरते. नट प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहिला की त्याच्या डाव्या हाताला ती डावी विंग. समोर खुर्चीत बसलेल्या माणसाला तीच बाजू उजवीकडे दिसते. कंपनीत नव्याने आलेल्यांचा यात घोळ व्हायचा. एकदा अंगवळणी पडलं की मात्र मरेपर्यंत सुटत नाही.

तर मामी डाव्या विंगेत. बेटावरच्या घरातलं मोठं लाकडी घड्याळ त्यांच्या अंगाशी होतं, आणि ज्या दारातून आम्ही सगळे धाडधाड आत यायचो ते समोर, उजवीकडे. आपण अडखळलो की मामींचा शब्द आलाच. बाकीचे प्रॉम्प्टर नट अडखळल्यावर शब्द द्यायचे. मामी अर्धा श्वास आधी द्यायच्या. तुम्ही विसरणार आहात हे तुमच्या आधी त्यांना कळायचं. आम्ही टाळ्या घेतल्या, पण त्यातली कितीतरी वाक्यं त्यांच्या तोंडची होती.

बसमधून उतरून दुकानापर्यंत चालताना मामा दोनदा थांबले. दोन्ही वेळा त्यांनी शेजारच्या दुकानातल्या वस्तू बघितल्यासारखं केलं. पहिल्यांदा बादल्या होत्या, दुसऱ्यांदा बाळांचे मोजे. मीही बघितल्या.

वायरींच्या दुकानात गल्ल्यापलीकडे एक मुलगी होती. मागे भिंतभर रिळं. मामांनी पिशवी गल्ल्यावर ठेवली आणि हात टेकून उभे राहिले.

"स्पीकरची वायर. हॉलमधून मागच्या खोलीत न्यायची आहे."

"बारीक देऊ? घरासाठी सगळे तीच नेतात."

ती नेमकी त्यांच्या उजवीकडून बोलली. मी डावीकडून ते वाक्य परत म्हटलं. मुलीने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं.

"बारीक नको गं," मामा म्हणाले. "हातभर न्यायची असती तर चाललं असतं. इतक्या लांब बारीक वायरीतून गेलेला आवाज दमून पोचतो. आता मी कसा आलो, तसा."

मुलगी हसली. मग तिने दुसरं रीळ काढलं. अंगठ्याएवढी जाड, सोनेरी जाळीचं वेष्टण, टोकांना चकचकीत पिना.

"ही शौकीन लोक नेतात."

मामांनी ती तळहातावर घेऊन वजन केलं. "सुंदर आहे. कुणाच्या लग्नात घालायला न्यावी अशी."

"मग ही बघा, मधली. ही तुम्हाला स्वस्त पडेल." तिने एक टोक सोलून दाखवलं. "पण खरं सांगू का, ही आतून ॲल्युमिनियम आहे, वर तांब्याचा मुलामा. जवळपास लावायची तर ठीक. तुम्हाला लांब न्यायची आहे, तर ही शेजारची न्या. सगळं तांबं. आणि एका तारेवर लाल रेघ आहे, म्हणजे दोन्ही टोकांना तीच तार त्याच बाजूला लागते, उलटसुलट होत नाही."

मामांनी त्या शेजारच्या वायरीच्या तारा बोटांत चुरून पाहिल्या, टोक वाकवलं, नखाने खरवडलं. त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी मी असा पाहत होते. बोटांना ओळखीचं काहीतरी लागल्यासारखा.

"ही दे," ते म्हणाले. मग त्यांनी पलंगापासून बैठकीपर्यंतचं माप सांगितलं.

"काका, दारावरून वळसा घेतला की जास्त लागते. थोडी वाढवून देऊ?"

मी परत बोलले. मामा म्हणाले, "नको. सरळ जाते ती."

मुलीने खांदे उडवले आणि वायर तोडून वेटोळं करून दिलं.

लेकीच्या घरी पोचलो तर मामींना तिने बैठकीत आरामखुर्चीत आणून बसवलं होतं, भिंतीत भोकं पाडताना धूळ नको म्हणून. मामी फार वाळल्या होत्या. माझ्या पावलांचा आवाज आला तशी त्यांनी मान वळवली.

"राणी का? पाय घासत चालतेस अजून."

"तुम्ही ओरडायला नव्हतात ना इतके दिवस."

"आता ओरडणार कुठून. मी बोचकं आहे इथलं. ठेवतील तिथे असते." हे त्या अगदी साध्या आवाजात बोलल्या, आज गार आहे असं म्हणावं तसं. लेक स्वयंपाकघरात निघून गेली.

मामा मागच्या खोलीत गुडघ्यांवर बसून काम करत होते. पलंगाच्या पायथ्याची भिंत समोर, तिच्या डाव्या कोपऱ्याला न्हाणीघराचं दार, उजव्या कोपऱ्याला खिडकी. दोन्ही कोपऱ्यांत स्पीकर मांडून झाले होते. मामांनी वायर बोळातून सरळ जमिनीवर अंथरली आणि पिशवीतून काळ्या चिकटपट्टीचं रीळ काढलं. रंगमंचावर हे मी हजारदा पाहिलं होतं. वायर जमिनीवर, वरून पट्टी, तळहाताने दाबून सपाट. अंधारात कुणी अडखळत नसे.

मी दारात उभी राहून बघत होते. सांगावं की नाही, असं झालं.

"मामा, मामी पाय उचलून चालतात का आता?"

त्यांचा हात पट्टीवर थांबला. मामी पाय ओढत चालायच्या. बोळाच्या तोंडाशी तो काळा उंचवटा त्यांच्या अंगठ्यालाच लागला असता. मामांनी चिकटवलेली पट्टी परत सोलायला घेतली. सोलताना तिचा जो आवाज येतो तो फार वाईट असतो.

"सगळी हयात रंगमंचावर गेली," ते म्हणाले. "घर कसं असतं तेच माहीत नाही मला."

मग वायर दाराच्या चौकटीवरून न्यायची ठरली. जवळच्या स्पीकरची कशीबशी पुरली. लांबच्याची चौकटीच्या वरच्या टोकाशी येऊन संपली आणि लोंबत राहिली. मी म्हटलं, एक तुकडा जोडून टाकू, वरून पट्टी लावू.

"सांधा म्हणजे खरखरीचं माहेर," मामा म्हणाले. ते भिंतीला टेकून खाली बसले होते. उठायला त्यांना माझा हात लागला. आम्ही परत दुकानात गेलो.

मुलीने काही न बोलता अख्खी लांब वायर मापून तोडली. मामा तिच्याकडे बघत होते.

"म्हणून टाक. मनात ठेवू नये, पित्त होतं."

"म्हणणार नव्हते काका," ती म्हणाली. "पण तोंडापर्यंत आलं होतं."

परतीच्या बसमध्ये मामांचं डोकं माझ्या खांद्याला लागलं. मी खांदा हलवला नाही. माणूस तसा हलकाच झाला होता.

वरच्या कामाला स्टूल लागलं. मामा वर चढले आणि मी त्यांना धरून उभी राहिले. आम्हा दोघांना बघून त्या स्टुलानेच राजीनामा दिला असता. तेवढ्यात जावई कामावरून आला. तो जमिनीची मोजणी करून नकाशे काढतो. शांत मुलगा आहे. त्याने बूट काढले, हात धुतले आणि म्हणाला, "बाबा, उतरा. तुम्ही सांगा, मी ठोकतो."

"जावईबापू, तुम्ही दमून आलात."

"मी दमलोय ते नकाशांपुढे बसून बसून. उतरा."

त्याने चौकटीवरून छोट्या खिळ्यांच्या चिमट्यांत वायर बसवत नेली, कोपऱ्यात हळू वळवली. मामा खाली बसून टोकं सोलत होते. तारा पिळायच्या, एकही तार मोकळी सुटू द्यायची नाही, लाल रेघेची तार लाल खोबणीत. पीळ घट्ट बसत होता. शेवटी बैठकीतल्या सीडीच्या यंत्राला दोन्ही टोकं जोडून झाली. जावयाने सीडी घातली, मागच्या खोलीत येऊन पलंगावर बसला. मी त्याच्या शेजारी. मामा खुर्चीत.

आधी प्रेक्षकांची कुजबुज आली, मग तिसरी घंटा, मग पडद्याच्या कप्प्या. खरखर नव्हती. कितीतरी गेलेली माणसं त्या खोलीत येऊन खोकत होती.

घड्याळाची टकटक सुरू झाली. मग दार वाजलं आणि माझा तरुण आवाज आला. जावई भिंतीकडे बघत विचार करत होता.

"बाबा, हे उलटं लागलंय. घड्याळ न्हाणीघराकडून येतंय आणि दार खिडकीकडून. आई घड्याळाशी, डाव्या विंगेत बसायच्या, म्हणजे पुढे बसून बघणाऱ्याला घड्याळ उजवीकडे दिसलं पाहिजे ना? डाव्याची वायर उजव्याला गेली."

मामांनी मान एका बाजूला कलती केली, मग दुसऱ्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"मी भिंतीपाशी उभं राहून डावं-उजवं धरलं," ते म्हणाले. "नटाचं. यंत्रावर डावं लिहिलंय ते ऐकणाऱ्याचं असतं."

"काही नाही, मागे दोन वायरी बदलल्या की झालं. पण ऐकून तुमच्या लक्षात कसं नाही आलं?"

त्याने ते सहज विचारलं. मामांनी मांडीवरच्या तारेचे कपटे गोळा केले.

"उजवा कान पार गेलाय," ते म्हणाले. "नुसता मंद नाही, गेलाच आहे. एका कानाला डावं-उजवं नसतं. सगळं जग एकाच बाजूने येतं." मग बैठकीतल्या मामींकडे बोट करून हळू म्हणाले, "हिला माहीत नाही. हिला कशाला आणखी. तिचे डोळे, माझा कान, पोरीने किती बघायचं?"

ज्या माणसाने नायकाच्या झग्याची खरखर ओळखली होती, त्याला त्याच्याच स्पीकरचं घड्याळ कुठे आहे ते सांगता येत नव्हतं. जावई उठून गेला, वायरी बदलल्या, परत आला. आता घड्याळ खिडकीकडून टकटकत होतं, दार न्हाणीघराकडे वाजत होतं. पुस्तकात असेल तसं बरोबर.

लेकीने मामींना हात धरून आणलं, पलंगावर उशीला टेकवून बसवलं. "आई, ऐक. बाबांनी काय लावलंय बघ."

मामी ऐकू लागल्या. पहिली दोन-तीन वाक्यं त्यांचे ओठ किंचित हलले. मग थांबले. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि मान इकडून तिकडे वळवली, जणू कुणीतरी खोलीतलं सामान हलवून ठेवलंय.

"हे काय?" त्या म्हणाल्या. "मला प्रेक्षकांत का बसवलंय?"

"म्हणजे?" लेकीने विचारलं.

"घड्याळ उलटीकडे आहे. मी पुढून कधी नाटक बघितलं नाही गं. एकही नाही. मला नाही कळत हे पुढून." एवढं बोलून त्या हळूच आडव्या झाल्या आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. "बंद करा. छान आहे. नंतर ऐकेन."

त्या 'छान आहे'ने मामांचं काय झालं ते मी बघितलं. ते खुर्चीत आणखी खाली गेले. दोन खेपा, एवढं ठोकणं, एवढ्या सोललेल्या तारा, आणि त्यांच्या बायकोने त्यांना पाहुण्यासारखं उत्तर दिलं होतं.

जावई दारात उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे.

"पहिल्यासारखं लावू का?" तो म्हणाला. "ते चूक होतं म्हणा."

"लावा बापू," मामा म्हणाले. "मला उठवत नाही आता."

तो गेला. बैठकीत क्षणभर सगळं बंद झालं, मग नाटक पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. कुजबुज, घंटा, कप्प्या. टकटक आली ती न्हाणीघराच्या कोपऱ्यातून. दार खिडकीकडे वाजलं, मी आत आले, सासऱ्याच्या भूमिकेतल्या त्या थोर नटाने मला पहिला टोमणा मारला.

मामी हलल्या नाहीत. लेक निराश होऊन चहा टाकायला गेली. मी मामांकडे बघितलं, तर ते झोपले होते. शुद्ध झोप, तोंड थोडं उघडं, मुठीत उरलेल्या वायरीचं लहानसं वेटोळं. मीही डोळे मिटले. माझंच बोलणं ऐकत बसायचा मला कंटाळा आला होता. केवढी ती घाई होती त्या मुलीला प्रत्येक वाक्य संपवायची.

मग मला एक गोष्ट जाणवली. स्पीकरमधल्या माझ्या वाक्याच्या अर्धा श्वास आधी तेच वाक्य खोलीत कुणीतरी कुजबुजत होतं.

डोळे उघडले, तर मामी उठून बसल्या होत्या. पाय खाली सोडलेले. त्यांचा चेहरा भिंतीकडे नव्हता, समोर होता, आणि सगळा कान डावीकडे, घड्याळाकडे. त्या सासऱ्याचं वाक्य देत होत्या, मग माझं, मग पुन्हा त्याचं. मग त्या उभ्या राहिल्या. मी उठायला गेले आणि कसं कोण जाणे, स्वतःला थांबवलं. विंगेत कुणी हलत असलं की त्याला हाक मारायची नसते, एवढं तर आम्ही शिकलो होतो.

चहाचे कप घेऊन आलेली लेक दारातच थांबली. तिच्या मागे जावई. त्याने तिच्या हातातला ट्रे काढून घेतला, नाहीतर पडला असता.

मामी चालल्या. पाय ओढतच, पण अंग न चोरता. हात पुढे नव्हते. त्यांना हात पुढे करायची गरज नव्हती, घड्याळ कुठे आहे ते त्यांना माहीत होतं. घड्याळाशी आपलं स्टूल असतं हेही माहीत होतं. न्हाणीघराच्या दारापाशी त्या पोचल्या, चौकट हाताला लागली, तिला खांदा टेकवून उभ्या राहिल्या. एक हात स्पीकरच्या लाकडावर ठेवला. स्टूल नव्हतं. मी दुसरी, रिकामी खुर्ची सरकवून त्यांच्यामागे नेली आणि त्या बसल्या, न बघता, जणू ती तिथे असणारच होती.

पहिला अंक तसाच गेला. त्या वाक्यं देत होत्या आणि आम्ही, ती सगळी गेलेली आणि उरलेली माणसं, ती घेत होतो. अंक संपला तेव्हा टाळ्यांच्या आवाजात त्या माझ्याकडे वळल्या.

"मामा कुठे?"

"झोपलेत खुर्चीत. उठवू का, मामी? तुम्ही चाललात ते त्यांनी बघितलं नाही."

त्यांनी जरा विचार केला. खिडकीकडून मामांच्या श्वासाचा आवाज येत होता.

"राहू दे. दिवसभर धावलेत," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या अंकात वादळ आहे. तेव्हा त्यांना उठावंच लागतं. तेव्हा उठव." मग त्यांनी हात पुन्हा स्पीकरवर ठेवला. "आणि डाव्या बाजूने हाक मार. उजव्या कानाने काही ऐकू येत नाही त्यांना."